पाळणाघर नव्या गावी

नोकरीवर किंवा मजुरीवर जाणाऱ्या आईवडिलांची लहान मुले दिवसभर आपल्या राहत्या घरात सांभाळण्याच्या व्यवसायाला घरगुती पाळणाघर म्हणतात. हा व्यवसाय बहुतांशी अशा स्त्रिया चालवतात की ज्यांचे भांडवल म्हणजे दोन खोल्या, थोडी खेळणी आणि आसपासच्या कुटुंबांनी अनेक वर्षांत टाकलेला विश्वास एवढेच असते. पतीची बदली, भाडेकराराची संपलेली मुदत किंवा शहरातील न परवडणारे भाडे अशा कारणांनी हे पाळणाघर दुसऱ्या गावी न्यावे लागते, तेव्हा त्या विश्वासाची उभारणी अगदी पहिल्यापासून करावी लागते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथून लोहमार्गाच्या कडेकडेने तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत आणि लोणावळा या मावळ तालुक्यातील गावांकडे कुटुंबे सरकत असताना हा प्रश्न तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो. नवी जागा निवडताना सामान्यतः भाडे, खोल्यांची संख्या आणि शेजार यांचा विचार होतो. वास्तविक पहिला विचार व्हायला हवा तो त्या गावातील आई घरातून किती वाजता निघते आणि किती वाजता परतते, याचा.

महाराष्ट्राच्या बालशिक्षणाच्या इतिहासात या विचाराला भक्कम आधार आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि पुढे ताराबाईंनी आपले कार्य शहरातून त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी नेले, जेथे 1945 साली ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू होऊन अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. शहरात चालणारी बालवाडी खेड्यात जशीच्या तशी रुजत नाही, हे तेथे स्पष्ट झाले; वस्तीतील मुले शाळेच्या इमारतीकडे येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. 1956-57 च्या सुमारास हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले, तेव्हा अडचण आणखी निराळी निघाली. मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळण्यात किंवा गुरे राखण्यात गुंतलेली असल्यामुळे शाळेत येऊ शकत नव्हती. त्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली, आणि गुराख्यांसाठी चराऊ रानातच भरणारी कुरणशाळा निघाली. मुक्काम बदलला तसे संस्थेने आपले रूपही बदलले, आणि ते बदलताना तेथील कुटुंबाचा दिवस कसा जातो याचे बारीक निरीक्षण केले. व्यवसाय म्हणून चालणाऱ्या घरगुती पाळणाघराची पातळी याहून लहान असली, तरी त्याला लागू पडणारा नियम तोच आहे.

मावळात हा दिवस गावागणिक बदलतो. पुणे-लोणावळा लोकल 1978 साली सुरू झाली आणि तळेगाव, वडगाव, कामशेत ही गावे पुण्यातील नोकरीला जोडली गेली. लोणावळ्याहून पुण्याला लोकलने जाण्यास सुमारे दीड तास लागतो. म्हणजे तेथून आठ तासांच्या नोकरीला जाणाऱ्या स्त्रीचे मूल जाण्यायेण्याचा वेळ धरून किमान अकरा तास दुसऱ्याच्या हाती असते. केंद्र शासनाच्या पाळणाघर योजनेचे, जी आता ‘पाळणा’ या नावाने ‘मिशन शक्ती’ या महिलाविषयक योजनेत समाविष्ट आहे, मापदंड पाहिले तर एका केंद्रात 6 महिने ते 6 वर्षे वयाची 25 मुले, एक सेविका, एक मदतनीस, महिन्याचे 26 दिवस आणि दिवसाचे साडेसात तास अशी रचना दिसते. ही रचना गावातच काम करणाऱ्या आईला पुरते, परंतु लोकलने जाणारीला पुरत नाही. अंगणवाडीची वेळ तर याहूनही थोडी, आणि तीन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तिचे काम मुख्यतः पूरक आहार, लसीकरण आणि वजनाची नोंद एवढ्यापुरते असते. त्यामुळे स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, पहाटेच्या गाडीपूर्वी उघडणारे आणि संध्याकाळची गाडी उशिरा आली तरी मूल सांभाळणारे पाळणाघर तळेगाव-वडगाव परिसरात टिकाव धरील. पण शहरातील सवयीप्रमाणे नऊ ते सहा चालणारे पाळणाघर उत्तम असूनही रिकामे राहण्याचा संभव अधिक.

लोणावळ्यात याच्या जवळजवळ उलट स्थिती आहे. तेथील हॉटेले, भाड्याने दिले जाणारे बंगले, चिक्कीची दुकाने आणि त्यांचे कारखाने यांत काम करणाऱ्या स्त्रियांचे सर्वांत कष्टाचे दिवस म्हणजे शनिवार, रविवार, सणांच्या सुट्ट्या आणि पावसाळ्यातील गर्दीचे आठवडे. आणि शहरी पाळणाघर नेमके शनिवार-रविवारी व सणांना बंद असते. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले, परंतु दहा-पंधरा माणसांच्या दुकानाला किंवा एका बंगल्याच्या झाडलोटीसाठी ठेवलेल्या बाईला त्याचा काहीच उपयोग नाही. अशा ठिकाणी रविवारी सुरू राहून सोमवारी किंवा मंगळवारी सुटी घेणारे घरगुती पाळणाघर ही केवळ सोय नव्हे, तर त्या आईच्या रोजगाराची अटच होऊन बसते. तिला परवडेल असे शुल्क महिन्याऐवजी दिवसावर आकारावे लागेल, ही गोष्टही आधीच हिशोबात धरावी.

तालुक्याचा तिसरा भाग म्हणजे पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या नावांनी ओळखली जाणारी नद्यांची खोरी. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ या खोऱ्यांत मोठ्या प्रमाणावर पिकतो, आणि त्याची लावणी, म्हणजे रोपवाटिकेतील रोपे चिखलणी केलेल्या खाचरात लावण्याचे काम, भर पावसात मुख्यतः स्त्रिया करतात. त्या दिवसांत तान्ही मुले बांधावर, इरल्याखाली किंवा भावंडांच्या कडेवर असतात. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्याने कामावर 6 वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद केली, पण खाजगी शेतावर तसे काही नाही. कामशेतसारख्या बाजारपेठेच्या गावी स्थिरावणाऱ्या पाळणाघराने आषाढात अशी मुले घेतली, तर ती मोठी सेवा होईल.

जागेच्या निवडीत पावसाला दुय्यम मानता येत नाही. घाटमाथ्यावरील लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेला तळेगावकडे येईपर्यंत तो पुष्कळच कमी होतो. उन्हाळ्यात मार्च-एप्रिलमध्ये पाहिलेली कोरडी, हवेशीर खोली जुलैत ओल धरते, भिंतींना बुरशी येते, दुपटी आणि लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि दमेकरी मुलाला त्याचा थेट त्रास होतो. म्हणून जागा शक्य तर पावसाळ्यातच पाहावी, निदान मागील पावसाळ्याविषयी शेजाऱ्यांना विचारावे.

कागदपत्रांचा भाग तुलनेने सोपा आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या लहान आस्थापनेला नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते. गृहनिर्माण संस्थेची लेखी संमती आणि मदतनीस स्त्रीची पोलिस पडताळणी मात्र चुकवू नये. 2016 साली खारघर येथील एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेली मारहाण उघड झाल्यापासून पालक सावध झाले आहेत, आणि ते योग्यच आहे. नव्या गावात आलेल्या स्त्रीने पालकांची ही सावधगिरी अपमान मानू नये; घराचे दार कोणत्याही वेळी, न कळवता, आईसाठी उघडे ठेवावे.

या सर्व व्यवहारात ज्यांची बाजू कोणीच मांडत नाही ती मुले म्हणजे जुन्या गावी मागे राहणारी. दीड-दोन वर्षांच्या मुलाला जिच्या मांडीवर झोपण्याची सवय झाली, ती मावशी एके दिवशी दिसेनाशी होणे हा त्याच्यासाठी खरा वियोग असतो, कारण या वयात सुरक्षिततेची भावना एखाद्या जागेपेक्षा ठरावीक व्यक्तीशी बांधलेली असते. म्हणून पालकांना निदान दोन महिने आधी कळवावे, अनामत रक्कम वेळेत परत करावी, आणि शक्य असेल तेथे नव्या सांभाळणारीला जुन्या घरी काही दिवस बोलावून मुलांची तिच्याशी ओळख करून द्यावी. नव्या गावी पाळणाघरात येऊ लागणाऱ्या मुलांनाही पहिल्या आठवड्यात आईसह तासभर, मग आईविना तासभर, असे हळूहळू रुळू द्यावे, जरी त्यामुळे पहिल्या महिन्याचे उत्पन्न घटले तरी.

मावळात पाळणाघर नेऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांनी अनामत रक्कम देण्यापूर्वी त्या गावच्या स्थानकावर पहाटेच्या लोकलच्या वेळी काही दिवस उभे राहावे, अंगणवाडी सेविकेला आणि बचत गटातील स्त्रियांना भेटावे. आणि तळेगाव, वडगाव व लोणावळा येथील नगरसंस्थांनी स्थानकाजवळची एखादी कोरडी, मोकळी जागा अशा पाळणाघरासाठी अल्प भाड्याने उपलब्ध करून द्यावी.