बॅटरीला पाणी हवे, आम्ल नव्हे

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



जलसंधारण, शाळा आणि करवसुली या विषयांवरील व्याख्यानांनंतर मोटारीच्या बॅटरीवर बोलावयास उभे राहणे म्हणजे पंगत उठल्यावर चूल कशी पेटवावी हे सांगण्यासारखे आहे. परंतु शासकीय वाहनांच्या कार्यशाळेत माझी उमेदीची वर्षे गेली. इंजिन बिघडल्यामुळे उभ्या राहिलेल्या गाड्यांपेक्षा बॅटरीच्या हेळसांडीमुळे उभ्या राहिलेल्या गाड्याच मी अधिक पाहिल्या आहेत.

त्यांतील एक प्रसंग विसरता येत नाही. पावसाळ्याची रात्र होती. अडलेल्या बाळंतिणीस जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावयाचे होते. रुग्णवाहिकेची किल्ली फिरवली, तर केवळ 'टक्' असा आवाज झाला. गावच्या तरुणांनी चिखलातून गाडी ढकलत नेली, तेव्हा कुठे इंजिन सुरू झाले. आई व मूल सुखरूप राहिले, हे त्यांचे भाग्य. दुसऱ्या दिवशी ती बॅटरी माझ्यापुढे आली. तिला वर्षही झालेले नव्हते. चालक कळवळून म्हणाला, "साहेब, मी तर दर महिन्याला आठवणीने ॲसिड घालत होतो." बॅटरी नेमकी त्यानेच मेली होती, आणि हे त्या बिचाऱ्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

असे का व्हावे? १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी ही शिसे-आम्लाची बॅटरी सिद्ध केली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घरात शिशाच्या प्लेटी सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज घेऊ लागलो की द्रवातील आम्ल प्लेटींत शिरते, तेथे शिशाचे सल्फेट होते आणि द्रव पाण्यासारखा पातळ पडतो. चार्जिंग केले की तेच आम्ल प्लेटींतून बाहेर येते. म्हणून हायड्रोमीटरने द्रवाचे विशिष्ट गुरुत्व पाहिले की बॅटरीची स्थिती कळते. आपल्याकडील उष्ण हवामानात पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते साधारणपणे १.२४ ते १.२५ ठेवतात, काही उत्पादक १.२८ पर्यंतही सांगतात. पार उतरलेल्या बॅटरीत ते १.१२ च्या आसपास येते.

आता चालकाची चूक ध्यानात येईल. आकडा कमी दिसला की त्यास वाटते, आम्ल संपले. आम्ल संपलेले नसते, ते प्लेटींत दडलेले असते. अशा वेळी वरून आम्ल ओतले तर आकडा वाढतो, पण तो खोटा असतो. वीज मुळीच वाढत नाही. पुढे चार्जिंगमध्ये दडलेले आम्ल बाहेर आले की द्रव फाजील तीव्र होतो आणि प्लेटींच्या जाळ्या खाऊ लागतो. कमी होते ते पाणी: काही उष्णतेने उडून जाते, तर काहीचे चार्जिंगमध्ये विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू निघून जातात. म्हणून घालावयाचे ते फक्त शुद्ध डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचे वा बोअरचे पाणी कितीही गोड लागो, त्यातील क्षार व लोह बॅटरीस बाधतात. बॅटरी कलंडून द्रव सांडला असेल तरच आम्लाचा प्रश्न येतो, आणि ते काम कार्यशाळेचे आहे.

पाणी प्लेटींच्या वर दहा ते पंधरा मिलिमीटर, किंवा खूण असल्यास खुणेपर्यंत असावे. ते चार्जिंगनंतर भरावे, कारण चार्जिंगमध्ये द्रवाची पातळी चढते. आधीच काठोकाठ भरले तर आम्ल उतू जाते. मात्र प्लेटी उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतके पाणी आधी घालावे. विदर्भ-खानदेशच्या उन्हाळ्यात दर पंधरवड्यास झाकणे उघडून पाहावे. हल्ली झाकणे नसलेल्या बंदिस्त बॅटऱ्याही आहेत. त्यांस पाणी घालावे लागत नाही, पण उतरलेल्या स्थितीत पडून राहणे त्यांनाही सोसत नाही.

नवी कोरडी बॅटरी भरताना उत्पादकाने सांगितलेल्या गुरुत्वाचे तयार आम्लच आणावे. तीव्र आम्ल सौम्य करण्याची वेळ आलीच, तर आम्ल हळूहळू पाण्यात सोडावे. आम्लात पाणी कदापि ओतू नये, ते उकळून अंगावर उडते. बॅटरी भरल्यावर अर्धा तास थांबावे, प्लेटी भिजून पातळी उतरली तर पुन्हा तेच आम्ल घालावे आणि मग पहिले चार्जिंग द्यावे. या एका वेळेपुरतेच आम्ल, पुढे आयुष्यभर पाणी.

चार्जिंगला घाई चालत नाही. क्षमतेच्या दशांश प्रवाह पुरे. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस ८ अँपिअर. धनाग्र धनाला, ऋणाग्र ऋणाला जोडून मगच चार्जर सुरू करावा. सर्व घरांतून सारखे बुडबुडे येऊ लागले आणि तासातासाने घेतलेले तीन आकडे एकच आले, म्हणजे बॅटरी भरली. निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणून खिडक्या उघड्या असाव्यात आणि विडी, काडी, कंदील दूर ठेवावेत. आत पाहण्यासाठी आगकाडी ओढणारे महाभाग मी पाहिले आहेत! आम्ल डोळ्यांत उडाले तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डॉक्टर गाठावा.

बॅटरी काढताना ऋण तार आधी सोडावी आणि बसविताना शेवटी लावावी. पान्याचा गाडीच्या सांगाड्याशी स्पर्श होऊन ठिणगी पडत नाही. टोकांवर साचणारा पांढरा-हिरवट थर, झाकणे घट्ट लावून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा व वर व्हॅसलिन लावावे. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते, सल्फेट कठीण होते आणि मग ते चार्जिंगला दाद देत नाही. तेव्हा महिनाभर उभ्या गाडीसही चार्जिंग द्यावे.

शिक्षकांना एक विनंती आहे. जुनी बॅटरी अंगणात फोडून शिसे वितळविण्याचा प्रकार कुठे दिसला तर तो थांबवावा. शिशाची धूळ व धूर मुलांच्या मेंदूस कायमची इजा करतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन अधिकृत पुनर्वापराकडे सोपविणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे. पंचायतीने जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच द्यावी आणि पावती दप्तरी ठेवावी.

बाहेर पंचायत समितीची जीप उभी आहे. हायड्रोमीटर, चष्मा व हातमोजे मी आणले आहेत. चला, तिची सहाही घरे उघडून आकडे घेऊ. ते फळ्यावर कोण लिहून घेणार?