खान्देशच्या कोरड्या हवेत खारं पाणी

समुद्री मत्स्यालय म्हटलं की १९५१ साली मुंबईत सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय आठवतं. पण तिथे समुद्र दारातच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या जळगाव-धुळ्यात खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे पैसेवाल्यांचं खूळ, असं कुणी म्हटलं तर त्यात नवल नाही. प्रवाळ आणि रंगीत मासे हाच मुख्य बेत असेल, तर ते खरंही आहे. समुद्री शैवालाभोवती टाकी रचली, तर मात्र हाच उन्हाळा बराचसा आपल्या बाजूने येतो.

उष्णतेचा आक्षेप सर्वांत मोठा. या शैवालांना २५ ते २८ अंशांचं पाणी मानवतं. पण पाण्याचं तापमान फक्त हवेच्या तापमानावर ठरत नाही. हवा किती कोरडी आहे यावरही ठरतं. माठातलं पाणी गार होतं ते बाष्पीभवनाने, आणि टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला की तेच घडतं. मुंबईच्या दमट हवेत हा पंखा फारसं काही करत नाही. आपल्या वैशाखात तो पाणी हवेपेक्षा बरंच खाली आणतो. मात्र बंद खोलीत कूलर चालू असेल तर हवा ओली होते आणि पंखा निकामी ठरतो, म्हणून खिडकी उघडी हवी. उडतं ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोजची भर गोड्या, आरओच्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नव्हे.

शैवालच का? माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे नायट्रेट आणि फॉस्फेट शैवाल खाऊन वाढतं. आपण वाढ छाटून टाकली की ती घाण टाकीबाहेर गेली. किटोमॉर्फा या शैवालाचा तारेसारखा गुंता यासाठी उत्तम. कॉलर्पा दिसायला देखणी, पण वेळेवर छाटली नाही तर एका रात्रीत पांढरी पडून साठवलेलं सगळं पाण्यात परत सोडते. शैवालाचा कप्पा वेगळा ठेवून त्याचा दिवा रात्री लावला, तर रात्री प्राणवायू आणि सामू घसरत नाहीत.

मीठ स्वयंपाकघरातलं चालेल का? नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं. म्हणून १०० लिटरला साडेतीन किलोच्या आसपास तयार समुद्री मीठ लागतं. बोअरचं जड पाणी टाळा. टंचाईच्या भागात ही पाण्याची उधळपट्टी नाही का, हा प्रश्न रास्त आहे. आरओतून वाया जाणारं पाणी फरशीला वापरावं, आणि टँकरवर जगणाऱ्या वस्तीत हा छंद करूच नये. वीज गेली तर? बॅटरीवरचा हवेचा पंप घ्यावाच लागेल, त्याला पर्याय नाही.

मासे थोडे, आणि तेही शैवाल नीट रुजल्यावरच सोडा. दगडी प्रवाळ कुणी विकायला आणला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे.