हाडाला सत्तूर, डावा हात दूर

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या गटांपुढे केलेलं बोलणं)



हा माझा डावा अंगठा बघा. खूण दिसती का? दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं जावळाच्या जेवणाची ऑर्डर घेतली होती. तांबडा-पांढरा रस्सा, दीडशे पान. मटण दुकानातून तोडून आणलेलं, पण नळ्या मोठ्या राहिल्या होत्या. घाई होती. मी घरातला नारळाचा कोयता उचलला, डाव्या हातानं नळी धरली आणि घाव घातला. कोयता हाडावरून घसरला तो अंगठ्यावर. चार टाके पडले. महिनाभर पीठ मळता आलं नाही, हप्ता मात्र थांबला नाही. म्हणून आज सत्तुराबद्दल बोलते.

सत्तूर घेताना आधी पाठ बघा. पातळ पातं हाडावर मारलं की धारेचे टवके उडतात आणि ते रश्शात जातात. पाठ जाड हवी, वजन साधारण पाऊण ते एक किलो. त्याहून जड घेतला तर मनगट भरून येतं. मग मूठ बघा. पात्याचं लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेलेलं आणि रिवेटनं पक्कं असावं. मूठ जरा जरी हलली तरी तो सत्तूर नको. धारही फार बारीक लावून घेऊ नका, हाडावर मोडते.

तोडायला लाकडाचा ओंडका घ्या, चिंचेचा उत्तम. कडप्पा किंवा फरशीवर घाव घालू नका. ओंडक्याखाली ओला गोणपाट टाका, म्हणजे तो सरकत नाही. पदर खोचा, हाताची चरबी पुसून घ्या, पोरांना लांब ठेवा.

जिथं सांधा आहे तिथं सत्तुराचं काम नाही, सुरीनं सोडवा. नळी ओंडक्यावर सपाट ठेवा आणि डावा हात पाठीमागं घ्या. नेम बसत नसेल तर सत्तूर हाडावर टेकवून त्याच्या पाठीवर लाकडी मोगरीनं ठोका. तेव्हाही नळी हातानं धरायची नाही. एकाच जागी दहा घाव घातले की कपच्या होतात, आणि त्या पोराच्या घशात अडकतात. तोडल्यावर तुकडे धुऊन, चाचपून घ्या. सत्तूर हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, मागं सरका.

काम झालं की सत्तूर गरम पाण्यानं आणि साबणानं धुवा, कोरडा करा, तेलाचं बोट फिरवा. ओंडका खरवडून, धुऊन उन्हात ठेवा. त्यावर भाजी चिरू नका.

एवढं करूनही लागलंच तर हळद, चुना भरू नका. स्वच्छ कापडानं दहा मिनिटं घट्ट दाबा, हात वर धरा, दवाखान्यात जाऊन टाके आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. बोट तुटलं तर १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही.

आमच्या गटानं पुढच्या ऑर्डरीच्या नफ्यातून सत्तूर घेतला आणि वहीत धंद्याचा खर्च म्हणून लिहिला. तेव्हा काही जणी म्हणाल्या, "कोयता आहे की!" मी नुसता अंगठा दाखवला.