डासांची पेरणी आपणच करतो

(शहाड येथील बैठकीत केलेले भाषण)



बैठकीचा विषय ऐकून काही जण हसले. भाताच्या भावावर बोलायचे सोडून डासांवर काय बोलायचे? पण हिशेब मांडून पाहा. म्हारळ, वरप, कांब्याकडे भाताची लावणी सुरू होते, त्याच पावसात तापाचे दिवस सुरू होतात. लावणीत घरातले एक माणूस अंथरुणाला खिळले की दोन माणसांचे काम बुडते. एक आजाऱ्याचे, दुसरे त्याच्या उशाशी बसणाऱ्याचे. औषधपाणी वेगळे. हा तोटा पिकाच्या उत्पादनखर्चात कोणी धरत नाही, पण तो भरतो आपणच.

शेतकी कॉलेजात आम्ही किडीचा पहिला धडा शिकलो तो असा : कीड उडताना दिसल्यावर धावू नका, तिचा जीवनक्रम कोठे तोडता येतो ते शोधा. डास ही कीडच आहे. अंडे, अळी, कोष आणि डास, एवढे सारे पावसाळी उबेत साधारण आठ-दहा दिवसांत उरकते. उडणारा डास हाती लागत नाही. अळी मात्र पाण्यात अडकलेली असते. तिला तिथेच गाठायचे.

हे पाणी कोठे असते? शहाड म्हणजे अर्धे शहर, अर्धे गाव. इकडे चाळी, कारखाने आणि रेल्वे, तिकडे उल्हास नदीकाठची शेती. गटाराच्या घाण पाण्यात हत्तीरोग पसरवणारा डास वाढतो. डेंग्यूच्या डासाला मात्र घरातले साठवलेले स्वच्छ पाणी आवडते आणि तो दिवसा चावतो. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपल्या मायबहिणी पिंपे भरून ठेवतात. पाणी वेळेवर मिळावे ही मागणी आपण सोडायची नाही. पण ती मान्य होईपर्यंत पिंप उघडे ठेवून चालणार नाही.

म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. पिंप, हंडे, गुरांचे पाण्याचे भांडे रिकामे करा. नुसते रिकामे करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. तणाचे बी मातीत दबा धरून बसते आणि पहिल्या पावसाला उगवते, तसेच हे. काथ्याने कडा खसाखसा घासा, उन्हात वाळवा, मग भरा आणि वर घट्ट कापड बांधा. परसातले टायर, करवंट्या, ताडपत्रीच्या घड्या रिकाम्या करा. जो हौद रिकामा करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडा. नदीत किंवा ओढ्यात मात्र सोडू नका. तिथल्या देशी माशांना ते त्रास देतात.

आता एक चूक कबूल करतो. पूर्वी एकदा शेतात उरलेले कीटकनाशक आम्ही आमच्याच गोठ्यात आणि पडवीत फवारले. पदवी घेतलेल्या माणसाने! संध्याकाळी घरातल्या लेकराला ओकाऱ्या सुरू झाल्या. पोर वाचले, पण ती रात्र आम्ही विसरलो नाही. शेताचे औषध शेतासाठी असते. ते घरात, अंथरुणावर किंवा अंगाला कधीही लावू नका. त्याच्या रिकाम्या डब्यात पाणी भरू नका. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळून त्या धुरात मुले झोपवू नका. मच्छरदाणी लावा, तिच्या कडा गादीखाली खोचा. दिवसा निजणाऱ्या तान्ह्या बाळालाही ती हवीच. शेतावर जाताना अंगभर कपडे घाला.

डास चावला तर जागा साबणपाण्याने धुवा, गार ओले फडके ठेवा. खाज जास्त असेल तर कॅलामाइन लोशन लावा. चुना, शेण लावू नका. मुलांची नखे कापा, कारण खाजवून झालेली जखमच पुढे चिघळते. पू झाला, सूज पसरू लागली तर दवाखाना गाठा.

ताप आला तर घरी अंदाज बांधत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टर सांगतील त्या मापात पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी-पेज द्या. आणि हे नीट ऐका : ताप उतरला म्हणजे संकट टळले असे नाही. डेंग्यूत ताप उतरतानाच पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी असे काही दिसले तर लावणी टाकून माणसाला इस्पितळात न्या. हिवतापात थंडी थांबली म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. एका प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात लपून राहतात आणि पुन्हा उठतात. म्हणून त्याची गोळी 14 दिवस देतात.

यातले बहुतेक काम फुकटचे आहे. पण एका घराने करून भागत नाही. आपण पिंप घासले आणि शेजाऱ्याच्या टायरात पाणी राहिले, तर त्याचे डास आपल्याच घरी येणार. बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून गावात परतल्यावर वाडीची बैठक घ्या, कोरड्या दिवसाचा वार ठरवा, आणि पुढच्या बैठकीला येताना तो वार किती घरांनी पाळला ते सांगा. भाताचा हिशेब आपण त्यानंतर मांडू.