कापडाचे घर



फिरस्त्या माणसाला ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे म्हटले जाते, तेव्हा त्या म्हणण्यात किंचित कमीपणाचा सूर असतो. दगडाचे घर तेवढे पक्के आणि तंबू म्हणजे तात्पुरती सोय, असा सर्वसाधारण समज आहे. १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात तीन माणसांचे प्राण ज्या आसऱ्यावर अवलंबून राहिले, त्याची हकिगत या समजाला छेद देणारी आहे.

कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेतील डॉ. एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड हे तिघे २७ जून १९११ रोजी केप इव्हान्सच्या तळावरून केप क्रोझियरकडे निघाले. यांपैकी बॉवर्स हे रॉयल इंडियन मरीनचे, म्हणजे हिंदुस्थानच्या आरमारी सेवेतील अधिकारी होते. एम्परर पेंग्विन ऐन हिवाळ्यात अंडी घालतो आणि त्या अंड्यांतील भ्रूणांवरून पक्ष्यांच्या उत्पत्तीचा उलगडा होईल, अशी विल्सन यांना आशा होती. सूर्य उगवत नव्हता. पारा शून्याखाली ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरत होता. सुमारे शंभर किलोमीटरच्या वाटेला १९ दिवस लागले.

या वाटेवर त्यांचे घर म्हणजे एक तंबू. त्याची रचना साधी होती. शेंड्याला एकत्र जोडलेले बांबू खाली फाकवायचे. आतले अस्तर त्या बांबूंनाच बांधलेले असे. त्यावरून बाहेरचे जाड कापड ओढायचे आणि त्याच्या जमिनीवर पसरलेल्या झालरीवर बर्फाचे ढेकूळ रचायचे. दोन कापडांमधली हवा थोडी ऊब राखी. श्वासाची वाफ मात्र आत गोठे, त्यामुळे तंबूचे ओझे दिवसेंदिवस वाढत गेले.

केप क्रोझियरला पोहोचल्यावर तिघांनी अधिक भक्कम निवारा म्हणून दगडी भिंतींची झोपडी बांधली. आढ्याला घसरगाडी आडवी घातली, वर कॅनव्हासचे छत ताणले आणि तंबू शेजारी उभा केला. जुलैच्या उत्तरार्धात वादळ आले. झालरीवर भार रचलेला असूनही वाऱ्याने तंबू उचलून नेला. पुढे झोपडीचे छतही फाटले. डोंगरावरून उतरणारा वारा छताला खाली दाबत नव्हता, तर वर शोषून घेत होता. फडफडून फडफडून कॅनव्हासच्या चिंध्या झाल्या. भिंती जागेवर राहिल्या, पण त्यांचा आता काही उपयोग नव्हता. तिघेही झोपण्याच्या पिशव्यांत बर्फाखाली पडून राहिले. तंबूवाचून परतीची वाट म्हणजे मृत्यूच, हे तिघांनाही ठाऊक होते.

वादळ ओसरताच शोध सुरू झाला आणि उताराच्या पायथ्याशी तंबू सापडला, तोही जवळजवळ धड. अस्तर बांबूंना बांधलेले असल्याने वर उडतानाच तो मिटला होता आणि वाऱ्याला फाडायला पसरट कापड उरले नव्हते. त्यानंतर झोपताना बॉवर्स यांनी तंबूची दोरी स्वतःच्या अंगाला बांधून घेतली. १ ऑगस्टला तिघे तळावर परतले. सोबत तीन अंडी होती.

पुढे विल्सन आणि बॉवर्स दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट यांच्यासह मरण पावले. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला. त्या पथकात चेरी-गॅरार्डही होते. सगळा हिवाळा सोसूनही तो तंबू उभा होता. सोबत्यांनी आतले बांबू काढून घेतले, तेच कापड मृतांवर पांघरले आणि वर बर्फाचा ढिगारा रचला.

अंटार्क्टिकातील संशोधनपथके आजही पिरॅमिडच्या आकाराचे तंबू वापरतात. धागे बदलले, बांबूच्या जागी धातू आला. तत्त्व मात्र तेच राहिले. कापड ताठ असावे, झालरीवर भार असावा, अस्तर सांगाड्याला घट्ट बांधलेले असावे आणि परतल्यावर सारे वाळवून ठेवावे. सहलीला निघालेल्या मुलांच्या हाती तंबू देताना वडीलधाऱ्यांनी एवढे शिकवले, तरी पुष्कळ झाले. जिथे कोसळलेले घर पुन्हा बांधता येत नाही, तिथे मिटलेले घर पुन्हा उभारता येते. मात्र त्याची दोरी कोणीतरी जागेपणी धरून ठेवावी लागते.