आकाशांतलें अंतर आणि जमिनीवरची वाट

नागपूरच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती सुमारें ६८० किलोमीटर भरते. आगगाडीस भुसावळमार्गें ८३७ किलोमीटर तुडवावे लागतात. विमानास मात्र घाट नाहीं, नदी नाहीं, कीं वळण नाहीं.

ताशीं ८०० किलोमीटर वेगानें हें अंतर ५१ मिनिटांत तुटावें. परंतु वेळापत्रकांत सुमारें दीड तास धरलेला असतो. धांवपट्टीपर्यंत सरकणें, उंची गांठणें, उतरण्यापूर्वीं वेग आवरणें व मुंबईच्या गजबजलेल्या आकाशांत आपली पाळी येईतों घिरट्या घालणें, यांत ती मिनिटें खर्च होतात. वाऱ्याचाहि वांटा असतो. हिवाळ्यांत उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहतात. मुंबईहून नागपुरास येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून लोटतात, परतणाऱ्याला सामोरे येतात.

हा झाला दोन विमानतळांमधील हिशेब. पण विमानतळावर कोणी राहत नाहीं! चंद्रपूर जिल्ह्यांत, वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या मधल्या रानमुलुखांत गोंडपिपरी हें तालुक्याचें गांव आहे. तेथील विद्यार्थ्यास मुलाखतीसाठीं मुंबई गांठावयाची असेल, तर प्रथम कोठारी, बल्लारपूर, चंद्रपूर, भद्रावती व वरोरा हीं गांवें मागें टाकून सुमारें दोनशें किलोमीटर यावें लागतें. त्यांत चार-साडेचार तास जातात. सोनेगांवचा विमानतळ वर्धा रस्त्यालगत, शहराच्या अलीकडेच लागतो, एवढीच काय ती सवलत. मग तेथें दोन तास आधीं हजेरी, दीड तास उड्डाण, आणि मुंबईंत उतरल्यावर सामान घेऊन मुक्कामीं पोंचण्यास आणखी दीड तास. एकंदर साडेनऊ तासांपैकीं आकाशांत गेले ते अवघे दीड!

नागपूर देशाच्या मध्यभागीं आहे, म्हणूनच १९४९ सालीं रात्रीची विमानटपाल सुरू झाली तेव्हां मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथील विमानें मध्यरात्रीं तेथें एकत्र येत व टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत जात. चार महानगरें एका रात्रींत शेजारी झालीं. परंतु मध्यबिंदु जवळ असला म्हणजे तेथवरची वाट सुकर होतेच असें नाहीं.

उद्यां विमानाचा वेग दुप्पट झाला, तरी गोंडपिपरीच्या प्रवाशाचा अर्धा तासहि वांचणार नाहीं. उलट रस्ता सुधारून गाडीचा सरासरी वेग ताशीं पंचेचाळीसावरून साठावर गेला, तर एक तासाहून अधिक वेळ वांचेल. नागपूरच्या रुग्णालयाकडे निघालेल्या रोग्यास तर विमानाचा कांहींच उपयोग नाहीं. त्याचा सारा प्रवास जमिनीवरचाच. त्याच्या दृष्टीनें तो एक तास म्हणजे कदाचित् आयुष्यच. म्हणून दोन शहरांमधील अंतर मोजतांना मोजपट्टीचें टोंक विमानतळावर न ठेवतां प्रवाशाच्या उंबरठ्यावर ठेवावें, हेंच न्याय्य होय.