अविनाशचा गुडघा आणि त्याच्या मागची रांग

(पॉडकास्टच्या डिसेंबर 2025 मधल्या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

इयरफोन लावून ऐकताय ना? आज जरा गुडघ्यावर बोलायचंय. आपल्या बीड जिल्ह्यातल्या एका गुडघ्यावर, ज्याच्याकडे अख्ख्या देशाचं लक्ष आहे. आणि दुसऱ्या एका गुडघ्यावर, ज्याच्याकडे आमच्या घराशिवाय कुणाचंच लक्ष नाही.

पहिला गुडघा अविनाश साबळेचा. आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव, जन्म 1994 चा. आई-वडील वीटभट्टीवर राबलेले. बारावीनंतर पोरगा सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहून आला. स्टीपलचेस तर त्याच्या आयुष्यात फार उशिरा आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टीपलचेस म्हणजे 3000 मीटर पळायचं आणि वाटेत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याची उडी. एकूण 35 वेळा हवेत जायचं आणि 35 वेळा खाली यायचं. पुरुषांचा अडथळा 91.4 सेंटीमीटर उंच. साध्या हर्डलसारखा तो धक्का लागला की पडत नाही. तो घट्ट उभा असतो, पडतो तो माणूस. आणि प्रत्येक वेळी सगळं वजन एका पायावर, एका गुडघ्यावर येतं, तेही पळत्या वेगात.

11 जुलै 2025 ला मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये अविनाश पाण्याच्या उडीपाशी पडला. शर्यत तिथंच संपली. तपासणीत कळलं की एसीएल तुटलंय आणि मेनिस्कसलाही इजा आहे. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

बातमी आली तेव्हा आपल्याकडच्या ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज होते. एक, "भाऊ लवकर बरा हो." दुसरा, "आता स्टीपलचेसमध्ये आपलं काय?" मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे. कसं ते सांगतो.

आधी गुडघा समजून घेऊ. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना आतून बांधणारी एक दोरी असते, तिचं नाव एसीएल. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, हे तिचं काम. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली गादी. पाय जमिनीत रोवलेला आणि अंग वळलं, की दोरी तुटते. ही दोरी पूर्ण तुटली की सहसा आपोआप नीट जुळत नाही. म्हणून डॉक्टर तुमच्याच पायातून, मांडीच्या मागच्या बाजूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायूबंध घेतात आणि त्याची नवी दोरी करून बसवतात.

आता खरी गंमत पुढे आहे. नवी दोरी बसवली त्या दिवशी चांगली घट्ट असते. मग पुढच्या काही आठवड्यांत ती कमजोर होत जाते, कारण शरीर तिला आतून मोडून नव्याने विणत असतं. त्यात रक्तवाहिन्या शिरतात, नवे धागे तयार होतात. हे काम महिनोन्‌महिने चालतं. आणि नेमकं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काय होतं? सूज गेलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, माणूस जिना चढतो, गाडी चालवतो. बाहेरून सगळं ओके. आत मात्र काम अर्ध्यावर. आमच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीन हिरवी दिसते, पण मागे मायग्रेशन अजून चालू आहे.

म्हणून साधारण हिशेब असा असतो. पहिले दोन आठवडे सूज उतरवणं, गुडघा पूर्ण सरळ करणं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणं. मेनिस्कसला टाके घातले असतील तर काही आठवडे वजन आणि वाकणं यावर बंधनं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सरळ रेषेत हळू पळणं. सहा महिन्यांच्या आसपास उड्या आणि वळणं. आणि खेळात परत जायचं ते किमान नऊ महिन्यांनी, तेही चाचणी पास झाल्यावर. एका पायावर उडी मारली तर दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के गेला पाहिजे.

हे नऊ महिने कुणी हवेतून काढलेले नाहीत. 2016 साली नॉर्वेतून एक अभ्यास आला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढे ढकलला, तितका पुन्हा दुखापतीचा धोका कमी झाला. दर महिन्याला जवळजवळ निम्मा! म्हणजे एक महिना थांबणं हाच इथं उपचार आहे.

पण थांबणं कुणाला परवडतं? इथं रांगेचा मुद्दा येतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक नावाची जागा असते. बॉल छातीशी धरायचा आणि समोरच्या भिंतीत घुसायचं. आपल्या कबड्डीतल्या रेडरचा चुलतभाऊ समजा. या जागेवर गुडघे फार जातात, म्हणून प्रत्येक टीम एकामागे एक तीन-चार जण तयार ठेवते. एड्रियन पीटरसनचं उदाहरण सगळे देतात. 24 डिसेंबर 2011 ला गुडघा गेला आणि 2012 च्या हंगामात पठ्ठ्या 2097 यार्ड पळाला, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सगळे त्याची जिद्द सांगतात. पण तो बरा होत होता तेव्हा त्याच्या मागे टोबी गेरहार्ट नावाचा दुसरा खेळाडू उभा होता, हे कुणी सांगत नाही.

स्टीपलचेसमध्ये अशी रांग बघायची तर केनियाची बघा. 1984 ते 2016, सलग 9 ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं सुवर्ण केनियाला. आणि ही 9 सुवर्णं जिंकणारी माणसं किती? आठ! फक्त एझेकिएल केम्बोईने दोनदा जिंकलं. एक दमला, दुखावला, की दुसरा हजर.

आता आपलं बघा. गोपाल सैनींनी 1981 मध्ये 8 मिनिटं 30.88 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. तो मोडला 2018 मध्ये, अविनाशने, 8:29.80 अशी वेळ देऊन. मधली 37 वर्षं काहीच नाही! मग त्याच अविनाशने तो विक्रम खाली आणत 2024 मध्ये पॅरिस डायमंड लीगला 8:09.91 वर नेला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, सुवर्णापासून फक्त 0.05 सेकंद दूर. 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण. पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. एकटा माणूस किती ओझं ओढतोय बघा. सॉफ्टवेअरवाले याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. एक सर्व्हर बंद पडला की सगळंच बंद.

आणि सप्टेंबर 2026 मध्ये जपानला आशियाई स्पर्धा आहे. इजेपासून तिथपर्यंत चौदा महिने. कागदावर वेळ पुरेसा आहे. पण मागे रांग असती तर आपण म्हणालो असतो, "सावकाश ये." ती नाही, म्हणून आपण म्हणतो, "लवकर ये." शब्द प्रेमाचाच आहे, पण गुडघ्याला तो चालत नाही.

आता दुसरा गुडघा. माझ्या आत्याचा मुलगा. वय 20, पोलीस भरतीची तयारी करतोय. गावात कबड्डी खेळताना पाय रोवला, अंग फिरलं, गुडघ्यात खट्कन आवाज आला. तासाभरात सूज. कुणी म्हणालं लचक भरली, कुणी चोळून दिलं, बँडेज बांधलं. पंधरा दिवसांत सूज गेली, हा परत पळायला लागला. गुडघा दोनदा सटकला. एमआरआय झाला तो चार महिन्यांनी. तोपर्यंत गादीही फाटलेली.

आता शस्त्रक्रियेला दहा आठवडे झालेत आणि त्याचा रोज एकच प्रश्न, "दादा, पळू का?" घरच्यांच्या डोक्यात पुढची भरती. अरे, खुल्या वर्गालाही मर्यादा 28 ची आहे, हा विशीत आहे! एक भरती सोडली तर आठ वर्षं शिल्लक आहेत. गुडघा परत गेला तर त्या आठ वर्षांचं काय करणार? मी त्याला केम्बोई नाही, पीटरसन नाही, फक्त कॅलेंडर दाखवतो.

तुमच्यापैकी बरेच जण पहाटे डांबरी रस्त्यावर पळता, म्हणून सांगतो. पिळा बसताना आवाज आला, काही तासांत सूज आली, किंवा नंतर गुडघा सटकतोय असं वाटलं, तर चोळू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सूज गेली म्हणजे बरा झाला, असं नसतं.

शेवटचा मुद्दा. रांग कुठून येणार? माझं म्हणणं, ती पहाटेच्या त्या रस्त्यावरच आहे, फक्त मोजली जात नाही. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर असतं. 5 मिनिटं 10 सेकंदांत आलात की 20 पैकी 20. आता एखादा 4:35 मध्ये आला तर? त्यालाही 20. दोघांमध्ये पस्तीस सेकंदांचा फरक, म्हणजे ट्रॅकवर दोन वेगळी जगं, पण गुणपत्रिकेत सारखेच. आकडा तिथंच कापला जातो. अविनाशसुद्धा इथं असताना कुणाच्या नजरेत आला नाही. सैन्यात गेल्यावर, 2015 च्या सुमारास क्रॉस कंट्री पळायला लागल्यावर तो दिसला.

म्हणून भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांना एकच विनंती. 5:10 ला स्टॉपवॉच बंद करू नका. खरी वेळ लिहा, वहीत लिहा, एक्सेलमध्ये लिहा. साडेचारच्या आसपास येणारी पोरगी-पोरगं दिसलं तर जिल्ह्याच्या अॅथलेटिक्स स्पर्धेत उतरवा. खर्च शून्य. वही हवी असेल तर फुकट अॅप मी बनवून देतो, खरंच.

अविनाशला "लवकर बरा हो" म्हणायचंच असेल, तर त्याच्या मागे कुणीतरी उभं करून म्हणूया. मग तो लवकर नाही, पूर्ण बरा होईल.

हा भाग पळणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. आणि गुडघा दुखत असेल तर उद्या पहाटे झोपा, पळू नका. भेटू पुढच्या भागात.